तीन वेढ्यांची गाठ

ती बॅटरी आधी बंद करा बरं. डोळ्यांवर मारू नका माझ्या, म्हातारा माणूस आहे मी. आणि दार नुसतं लोटून घ्या, कडी नको.

आज दुपारी तुमच्यातला एक बहाद्दर गाडीतून उतरला, पंख्याची जाळी उघडली आणि आत हात घालून पाला ओढायला लागला. किल्ली कुठे? केबिनमध्ये, मजेत लटकतेय. नाव घेत नाही मी. ज्याचं त्याला कळलंय, बघा कसा स्वतःच्या बुटांकडे बघत बसलाय. तेव्हाच कानफटात देणार होतो, पण या वयात देणाऱ्याचाच हात जास्त दुखतो. म्हणून आता गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हां. ज्याच्यावर बेतली त्यानं दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर बसून सांगितली. मी दिलेला चहा त्याच्या हातात तसाच गार झाला होता.

त्याला सगळे दाजी म्हणायचे. आमच्या वनखात्याच्या डेपोतल्या ब्लोअरचा ड्रायव्हर. तुम्ही आता चालवता ती नवी यंत्रं, तेव्हा सगळ्या जंगलाला मिळून एकच होतं. छोट्या ट्रकच्या मागे पंखा बसवलेला, त्याला स्वतःचं वेगळं इंजिन, बाजूला पिंपाएवढं तोंड. केबिनमध्ये एक डबा, त्यात किल्ली आणि बटण, तिथूनच पंखा चालू-बंद करायचा. काम एकच, जाळरेषा झाडायची. जंगलातून काढलेला तो मोकळा पट्टा असतो ना, त्यावर पानसुद्धा ठेवायचं नाही. म्हणजे वणवा तिथवर आला की त्याला खायला काही मिळत नाही आणि तो तिथेच मरतो.

हा पंखा पाला उडवतो तसे दगडही उडवतो, म्हणून त्याच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. मागून तो हवा ओढतो आणि हवेबरोबर जे सापडेल ते ओढतो. वेली, फांद्या, बाही, हात... त्याला सगळं सारखंच. म्हणून जाळी. आणि जाळीत पाला अडकला की कोणीतरी उतरून काढायचा. तेव्हाचा नियम हाच होता, जो उतरेल त्याच्या खिशात किल्ली. बंद केल्यावरही पाती फिरत राहतात, ती पुरती थांबेपर्यंत वाट बघायची. मग उतरायचं. पुन्हा सुरू करायच्या आधी तीनदा हॉर्न. इतकं सोपं आहे, आणि तरी तुमच्या डोक्यात शिरत नाही.

तर दाजी. मुळात तो सगळ्यांचा दाजी नव्हता, एकाचाच होता. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच गाडीवर मदतनीस होता. तो 'दाजी, दाजी' करायचा, म्हणून मग डेपोभर तेच नाव झालं. आणि त्या भावाला आम्ही थांब्या म्हणायचो. कारण कुठल्याही कामाआधी तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा." चहा ओतताना थांबा, दोर ओढताना थांबा. लग्नाचा फोटो काढायला आलेल्या माणसालाही हा म्हणाला, थांबा, त्या तिपाईचा एक पाय हलतोय! आम्ही फार चेष्टा करायचो त्याची. पण त्याच्याबरोबर काम करताना कधी कोणाचं नखही मोडलं नाही.

किल्ली हरवू नये म्हणून त्याच्या ताईनं, म्हणजे दाजीच्या बायकोनं, तिला लाल लोकरीचा दोरा बांधून दिला होता. यानं तो सोडला आणि स्वतः परत बांधला. तीन वेढे देऊन.

"ताई, तुझ्या गाठीवर माझा भरवसा नाही."

"जगात कोणाच्या गाठीवर आहे रे तुझा भरवसा?"

"माझ्या," तो म्हणाला, आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकून त्यानं खिशाचं बटण लावलं. वर दोनदा थोपटलं. हे त्याचं रोजचं. किल्ली, बटण, थोपटणं.

असा माणूस पंख्यात गेला.

दाजी त्या दिवशी तापानं घरी पडलेला. गाडीवर मुकादम स्वतः बसला होता. मुकादमाला सगळ्याची घाई. जेवायची घाई, बोलायची घाई, समोरच्याचं वाक्य हा आधीच पूर्ण करणार. वरच्या जाळरेषेवर, ते मोठं वळण आहे ना, तिथे जाळी तुंबली. थांब्या उतरला. आणि हात आत असताना पंखा सुरू झाला. तिथे दोघंच होते. एक गेला. उरलेल्यानं सांगितलं ते असं, की किल्ली थांब्यानं काढलीच नव्हती, ती डब्यातच होती, आणि माझं कोपर चुकून बटणाला लागलं.

लोक तिथे पोचले तेव्हा किल्ली डब्यातच होती. लाल दोऱ्यासकट. सगळ्यांनी पाहिली, मीही पाहिली. मग काय बोलणार? चौकशीवाल्यांनी ठरवून टाकलं की मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. नव्या पोरांना शिकवताना साहेब थांब्याचं उदाहरण द्यायला लागले, असं करू नका म्हणून. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना थांबवलं, त्याचं!

एकटी दाजीची बायको ऐकायला तयार नव्हती. भावाचे कपडे तिच्या हातात दिले तेव्हा तिनं सगळ्यात आधी खिसा बघितला. खिशाचं बटण तुटलेलं होतं. नुसतं निघालेलं नाही, कापडासकट ओरबाडलेलं.

"किल्ली खिशात नव्हती, तर खिसा कोणी फाडला?" तिनं विचारलं.

मुकादम म्हणाला, "पंख्यानं ओढलं असेल, वहिनी."

"पंख्यानं उजवी बाही ओढली. खिसा डावीकडे आहे."

मुकादमानं मान फिरवली. बाकीच्यांना वाटलं, बाई दुःखात आहे, बोलू द्या. भावाला शेवटचं नेताना तिनं लाल लोकरीचा उरलेला गुंडा त्याच्या खिशात ठेवला. फाटलेला खिसा तिनं आधी शिवून घेतला होता. आणि सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "ज्यानं तुला खोटं पाडलं ना, त्याला सोडू नकोस. तुला माझी शपथ आहे." मुकादम तिथेच उभा होता, तोंडाला रुमाल लावून.

दाजीचे मात्र हाल झाले. घरात बायको जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुम्ही तिथे नव्हतात, तुमचा दोष नाही. पण तुम्ही त्या माणसाला रोज नमस्कार करता, ते मला बघवत नाही." दाजी काय करणार? पुरावा नाही, साक्षीदार नाही, नोकरी त्याच मुकादमाच्या हाताखाली. खिळ्यावरून तीच किल्ली रोज काढायची, तोच लाल दोरा, आता मळून तपकिरी झालेला. माझ्याकडे येऊन बसायचा आणि नुसता किल्लीकडे बघायचा. आतून पार पोखरून निघाला होता माणूस. त्याला दुसरं काही नको होतं. थांब्याची चूक नव्हती, एवढं एकदा चारचौघांत कोणीतरी म्हणावं.

वर्ष गेलं. आता ती रात्र.

मार्च महिना, शेवटचा गुरुवार. चंद्र उगवणारच नव्हता. दिवसभर वाऱ्याचं नाव नाही, झाडं चित्रासारखी उभी. दाजी संध्याकाळी घरी गेला होता, आंघोळ करून जेवायला बसणार, तेवढ्यात निरोप आला. पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर वणवा दिसतोय. लांब आहे, पण सकाळी वारा फिरला तर इकडे उतरेल. वरची जाळरेषा रातोरात झाडून ठेवा.

बायकोनं डबा भरून दिला. "बरोबर कोण?"

दाजी बुटाची नाडी बांधत राहिला.

"तोच ना?"

"दुसरं कोणी नाहीये. सगळे खालच्या बाजूला गेलेत."

तिनं त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाली, "किल्ली खिशात ठेवा." आणि आत निघून गेली.

साडेनऊच्या सुमाराला गाडी डेपोतून निघाली. दाजी चालवतोय, मुकादम शेजारी. काचा वर केलेल्या, कारण पंखा चालला की धुळीनं जीव नकोसा होतो. वर पोचल्यावर दाजीनं गाडी पट्ट्यावर लावली, खाली उतरून आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं, परत बसला. तीनदा हॉर्न. मग पंखा.

तुम्हाला तो आवाज माहीत आहे. एकदा सुरू झाला की शेजारच्याचं बोलणंही ओरडल्याशिवाय कळत नाही. गाडी चालीच्या वेगानं पुढे, पंख्याचं तोंड उताराकडे, आणि पाला भिंतीसारखा उठून दरीच्या बाजूला जाऊन पडतोय. मागे स्वच्छ माती. काम सुरेख चाललं होतं. मुकादमही खुशीत होता, आपला जेवणाचा डबा उघडून खायला लागला.

वळणाच्या अलीकडे दाजीनं सहज आरशात बघितलं.

मागच्या लाल दिव्यात जेवढी जमीन दिसत होती, तेवढ्यात पाला होता.

त्यानं गाडी थांबवली. "राहिलं वाटतं," म्हणून मागे घेतली, पुन्हा तेवढा तुकडा झाडला. पाला गेला. माती दिसली. गाडी पुढे घेतली. आरशात बघितलं.

पाला.

"काय रे, एकाच जागी किती वेळ?" मुकादम ओरडला.

"पाला परत येतोय."

"वाऱ्यानं येत असेल."

दाजीनं समोर बोट दाखवलं. लांब डोंगरावर वणव्याची लाल रेघ होती आणि तिच्यावरचा धूर दोरी सोडल्यासारखा सरळ वर चढत होता. वारा कुठला!

मुकादमानं डब्याचं झाकण लावलं. घास अर्धाच खाल्ला होता. "चल पुढे. मागे बघू नकोस."

पण आरसा समोर असताना माणूस बघणार नाही का? दाजी दर दोन क्षणांनी बघत होता. पाला पट्टाभर पसरलेला नव्हता. मधोमध येत होता. माणूस चालतो तेवढ्या रुंदीचा. गाडीच्या मागे मागे. गाडी हळू केली की तोही थांबायचा. आणि प्रत्येक वेळी... थोडा जवळ.

"मुकादम, कोणीतरी मागून चालतंय."

मुकादमानं आपल्या बाजूचा आरसा काच खाली करून हातानं उलटा फिरवला आणि काच घाईनं वर घेतली. एवढं केलं त्यानं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दाजीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं, की याला ठाऊक आहे कोण चालतंय ते.

आणि बरोबर मोठ्या वळणावर पंख्याचा आवाज बदलला. जड झाला. घशात काही अडकावं तसा. दाजीनं लगेच ओळखलं, जाळी तुंबली.

"थांबू नकोस!" मुकादम ओरडला. "इथे नको! पुढे जाऊन बघू!"

"इंजिन तापतंय. पाला सायलेन्सरवर पडला तर वणवा आपणच लावू."

हे खरं होतं, आणि मुकादमालाही ते माहीत होतं. दाजीनं पंखा बंद केला. आवाज उतरत उतरत गेला. पाती आणखी फिरत राहिली, सुस्कारा टाकत. मग तीही थांबली. इतकी शांतता झाली की दाजीला स्वतःच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

त्यानं डब्यातून किल्ली काढली.

"ती राहू दे इथे," मुकादम म्हणाला. "मी बसलोय ना. लवकर आटप फक्त."

"जो उतरेल त्याच्या खिशात."

"माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

दाजीनं किल्ली खिशात टाकली. बटण लावलं. आणि का कोण जाणे, वर दोनदा थोपटलं. हे बघून मुकादमाचा चेहरा असा पडला, की दाजी म्हणाला, तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तो खाली उतरला. मागे गेला. टॉर्च लावला. मागचा पट्टा लख्ख झाडलेला होता. एक पान नाही. पाला नेमका जाळीपाशी साचलेला, ढीगभर. त्यानं जाळीच्या कड्या काढल्या. आत पाला गच्च बसला होता. आणि ओला होता. मार्च महिन्यात, ठणठणीत कोरड्या जंगलात... ओला. टॉर्चमध्ये काळपट दिसत होता.

दाजीनं टॉर्च दातांत धरला. बाही वर केली. हात आत नेला.

"दाजी... थांबा."

अगदी कानापाशी. मागून.

त्यानं हात बाहेर ओढला. किती जोरात, तर मागे कोलमडून पडलाच तो. टॉर्च तोंडातून पडला. आणि त्याच क्षणी...

पंखा सुरू झाला.

हॉर्न नाही. काही नाही. एकदम पूर्ण ताकदीनं. तो गच्च बसलेला पाला एका घासात आत गेला. दाजीचा हात तिथे असता तर खांद्यापासून गेला असता. तो मातीत बसल्या बसल्या मागे सरकला, आणि मग त्यानं खिशावर हात मारला. बटण लावलेलं. किल्ली आत. बोटांना तिचा आकार लागत होता.

मग पंखा सुरू झाला कसा?

संताप आला त्याला. भीती नंतर, आधी संताप. तो धावत केबिनपाशी गेला, दार उघडलं. आतला दिवा लागला. मुकादम पलीकडच्या दाराला पाठ घट्ट लावून बसला होता. दोन्ही हात वर. दातखीळ बसल्यासारखं तोंड. त्याची नजर डब्यावर होती.

डब्यात किल्ली होती.

दोरा नाही. नुसती उघडी किल्ली. गंजलेली. खाचांत माती भरलेली. आणि हळूहळू हलत होती, नुकतीच कोणीतरी सोडावी तशी.

"ही कुठली?" दाजीनं विचारलं.

मुकादम आणखीच दाराला चिकटला.

"मुकादम! ही कुठली किल्ली?"

"मी फेकली होती..." आवाज बाईसारखा बारीक झाला होता त्याचा. "मी फेकली होती रे ही. दरीत फेकली. इथूनच फेकली, या हातानं!"

दाजीनं पुढे हात करून बटण दाबलं. पंखा उतरायला लागला. आणि त्या उतरत्या आवाजात मुकादम सगळं ओकला. रोज किल्ली द्या, किल्ली घ्या, वेळ जातो, म्हणून त्यानं गुपचूप दुसरी करून घेतली होती. त्या दिवशी त्याला वाटलं थांब्याचं आवरलं. हॉर्नही दिला नाही, फिरवली किल्ली. मग खाली उतरून बघितलं. आणि मग... थांब्याच्या खिशातली दोऱ्यावाली किल्ली ओरबाडून काढली, डब्यात लावली. आपली दरीत फेकली.

"तो जिवंत होता का तेव्हा?" दाजीनं विचारलं.

मुकादम रडायला लागला.

"खिशातून किल्ली काढलीस तेव्हा तो जिवंत होता का?"

"थांबा म्हणाला..." मुकादम हुंदके देत होता. "माझा हात धरला आणि थांबा म्हणाला."

पोरांनो, दाजी सरळ माणूस. आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. पण तो मला म्हणाला, त्या क्षणी माझे हात त्याच्या गळ्याकडे गेले होते. पोचले नाहीत एवढंच.

कारण पंखा पुरता थांबला, आणि मागे पाऊल वाजलं.

वाळल्या पाल्यावर. चर्र.

मग दुसरं.

मुकादमानं पलीकडचं दार उघडलं आणि उडी टाकली. पळाला. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात, पट्ट्याच्या मधोमध. पट्टा पुढे कितीतरी लांब उजळलेला होता आणि त्यावर तो एकटाच पळत होता.

एकटाच... असं आधी वाटलं.

मग दरीच्या बाजूनं पाला वर आला. वारा नव्हता, सांगितलं ना. उडून आला नाही. चढून आला. सरपटत. पट्ट्यावर आला आणि मुकादमाच्या मागे लागला. माणसाएवढ्या रुंदीचा. तो वळला की तोही वळायचा.

"मुकादम! इकडे या! गाडीत या!" दाजी ओरडला. झालं गेलं सगळं विसरून ओरडला, माणूसच तो शेवटी. त्याच्यामागे धावायला त्यानं पाऊल उचललं.

पाल्याची एक रेघ त्याच्या बुटांपाशी येऊन थांबली. हळूच. आडवी.

"थांबा, दाजी."

या वेळी आवाज समोरून आला. रागाचा नव्हता. घरात बोलावा तसा, नेहमीचा.

दाजी थांबला.

पुढे अंधारात मुकादम एकदा ओरडला. मग पुन्हा, पण तोंडावर काहीतरी दाबल्यासारखा. मग नुसती सळसळ. बराच वेळ. ढीग रचल्यासारखी.

मग तीही नाही.

दाजी केबिनमध्ये जाऊन बसला, दोन्ही दारं लावून. डब्याकडे बघितलं तर डबा रिकामा होता. ती गंजलेली किल्ली नव्हती. त्यानं शोधली नाही. खिशावर हात ठेवून तो उजाडेपर्यंत तसाच बसून राहिला.

सकाळी माणसं वर आली. वणवा पलीकडेच विझला होता. साहेब आले, मीही गेलो होतो, गाडी बघायला म्हणून. वळणाच्या पुढे झाडाशी पाल्याचा ढीग होता, माणसाच्या उंचीचा. चारही बाजूंनी थापून बसवल्यासारखा. आम्ही हातांनी उपसला. आत मुकादम बसलेला. अंगावर ओरखडा नाही. तोंडात मात्र पाला, पार आत घशापर्यंत, ठासून. डॉक्टर म्हणाले, पळताना हृदय बंद पडलं असेल. म्हणोत बिचारे, त्यांनाही काहीतरी म्हणावं लागतंच.

साहेबांनी त्याचे खिसे तपासायला सांगितले. डाव्या खिशाचं बटण लावलेलं होतं. ते मी काढलं, या हातानं. आत किल्ली होती. गंजलेली, खाचांत माती भरलेली. दाजीनं आपल्या खिशातली काढून शेजारी धरली. दोन्ही पंख्याच्या डब्यात लावून बघितल्या. दोन्ही फिरल्या.

मग दाजीनं सगळ्यांसमोर सांगितलं, रात्री मुकादम काय म्हणाला ते. दोन किल्ल्या समोर पडल्या होत्या, आणखी काय हवं? साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "त्याची चूक नव्हती. आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर अन्याय केला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाज कसली त्यात.

दाजीच्या बायकोला बोलावून आणलं. साहेबांनी तिच्यापाशी हात जोडून पुन्हा तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "ती दुसरी किल्ली बघू."

मी तिच्या हातावर ठेवली.

एक सांगायचं राहिलं तुम्हाला. दाजीनं रात्री केबिनमध्ये बघितली तेव्हा ती किल्ली उघडी होती. मुकादमाच्या खिशातून निघाली तेव्हा तिला दोरा होता. लोकरीचा. लालभडक, कोरा, धुळीचा कण नाही. डेपोत कोणाकडे तसली लोकर नव्हती. घरात होती तेवढी तिनं भावाच्या खिशात ठेवून दिली होती, त्याला नेताना.

तिनं किल्ली डोळ्यांजवळ नेली. गाठीवर बोट ठेवलं. आणि वेढे मोजायला लागली.

एक.

दोन.

तीन.